अर्लीनची पिवळी कार्डं

“सगळी?” अर्लीनने विचारलं.

“सगळी, मॅडम,” काउंटरपलीकडचा माणूस म्हणाला. “सैनिकांचे दाखले नकोत मला. ते कायद्याने बंद आहेत, ठाऊक आहे. दाखल्यांच्या मागे तुम्ही जी पिवळी कार्डं चिकटवलीत, तेवढ्यांच्या प्रती द्या. चारशे बारा आहेत ना?”

“तुम्हाला आकडा कुणी सांगितला?”

“पेपरात होता. तुमचा फोटोही होता. छान आला होता.”

माणूस चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोणी लावल्यासारखं. नाव पेल. मी शेजारच्या खिडकीवर एका नवऱ्या मुलाला लग्नाचा परवाना लिहून देत होते, तर त्याच्या होणाऱ्या बायकोचं नाव दोनदा चुकलं माझ्याकडून. कान सगळे तिकडे.

“कशाला हवीत?” अर्लीन म्हणाली.

“ते सांगायची मला सक्ती नाही, मॅडम. तुम्हाला विचारायची परवानगीही नाही.” आणि हसला मेला.

खरं होतं ते. सरकारी कागद कुणीही मागावा, का मागतोय ते विचारू नये आणि दहा कामाच्या दिवसांत हातात ठेवावा, असा आमच्या राज्याचा कायदा. एकतीस वर्षं अर्लीन टकेट हाच कायदा लोकांना समजावून सांगत आली होती. तिने अर्जावर शिक्का मारला, पावती फाडली. पेल गेला. मग ती उठून नोंदींच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावले तर सहा नंबरचं पुस्तक उघडं ठेवून नुसती उभी होती.

“नोरीन,” ती म्हणाली, “यात पोरांची वयं आहेत गं.”

आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हा रिवाज जुना. पोरगं सैन्यातून सुटून आलं की आई पहिल्या आठवड्यात त्याला भरपूर खाऊ घालते आणि दुसऱ्या आठवड्यात सेवामुक्तीचा दाखला देऊन कोर्टहाऊसमधल्या आमच्या कचेरीत पिटाळते. दाखला आमच्या पुस्तकात नोंदवला की घर जळो, वादळात उडो, कागद हरवत नाही. छावणी गावापासून वीस मिनिटांवर, त्यामुळे पुस्तकं भराभर भरतात. दाखल्यात सैनिकाचं सगळं असतं, पण घरच्यांचं काही नसतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ऑर्विल सिम्स नावाचा म्हातारा सैनिक भाड्याच्या खोलीत वारला. दाखला आमच्याकडे होता, नातेवाईक कुठे कुणाला माहीत नाही. सैनिकाला पुरताना शवपेटीवरच्या झेंड्याची घडी करून घरच्यांच्या हातात देतात, पण त्याची घडी घ्यायला कुणी नाही. ती घडी चार महिने अंत्यविधीवाल्याच्या कपाटात पडून होती. मग कळलं, म्हाताऱ्याची सख्खी मुलगी अकरा मैलांवर राहते. ती झेंडा न्यायला आली तेव्हा आमच्याच बाकावर बसून रडली. “मला कुणी सांगितलंच नाही,” एवढंच म्हणत होती.

अर्लीनला ते फार लागलं. तिने स्वतः पिवळी कार्डं छापून आणली. बायकोचं नाव, मुलांची नावं, वयं, घरचा पत्ता, फोन, आणि खाली ‘तातडीच्या वेळी कुणाला आधी सांगावं.’ दाखला नोंदवायला आलेल्या प्रत्येकाकडून ती ते भरून घ्यायची. “राहू द्या इथे. इथल्याइतकी सुरक्षित जागा नाही,” असं म्हणायची. दर शुक्रवारी दुपारी गर्दी ओसरली की कार्डं दाखल्यांच्या मागे चिकटवायची.

एकटी नाही. गोंद मी लावायचे, चिकटवायची ती. हे लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी काउंटीने तिचा सत्कार केला, लाकडी पाटी दिली, पेपरवाला फोटो काढून गेला. सरकारदरबारी दाखल्यांवर कुलूप पडलं होतं. पण दाखला वेगळा आणि कार्ड वेगळं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. पेलच्या बरोब्बर आलं.

काउंटीचे वकील गॅरेट त्याच दुपारी खाली आले. बिचाऱ्यांचा चेहरा पडलेला.

“शेजारच्या काउंटीतून गेल्या वर्षी अशीच यादी गेली,” ते म्हणाले. “त्यानंतर बायकांना फोन यायला लागले. ‘तुमचा नवरा जखमी आहे, अमुक नंबर सांगा, तमुक कागदावर सही करा.’ पोरांची नावं घेऊन बोलतात, म्हणून विश्वास बसतो. यादी कुणाकडून कुणाकडे गेली, कुणी सिद्ध करू शकलं नाही.”

“मग नाही म्हणून सांगा त्याला!” मी म्हणाले.

“कशाच्या जोरावर? सरकारी पुस्तकातला कागद आहे. एकच वाट आहे. ज्याच्या दाखल्यामागे कार्ड आहे त्या सैनिकाने स्वतः सही करून हरकत घेतली, तर तेवढं कार्ड झाकता येतं. सही त्याचीच हवी. बायकोची चालत नाही.”

अर्लीनने दिनदर्शिका ओढून घेतली आणि दहा दिवस मोजले.

पुढचा आठवडा कसा गेला, काय सांगू! फोन कानाला लावूनच ती यायची आणि फोन कानाला लावूनच सँडविच खायची. वारा तर असा सुटला होता त्या आठवड्यात की खिडक्या सारख्या धडधडत होत्या, आणि दार वाजलं की ती दचकून वर बघायची. लोक येत होते. शेतावरून बूट न काढता येत होते, एक जण तर दवाखान्यातून उजव्या हाताला पट्टी बांधूनच आला, डाव्या हाताने सही केली. कुणी शिव्या दिल्या, कुणी ओटची बिस्किटं आणली. अर्लीनला सगळ्यांचे नंबर तोंडपाठ. कार्ड बघायची नाहीच. आमचे साहेब, डेलबर्ट क्रेन, नेहमी म्हणायचे, “कॉम्प्युटर बंद पडला तर काम थांबत नाही आपलं. अर्लीन आजारी पडली तर थांबतं.”

“थोडं बस गं,” मी म्हणायचे.

“बसले की उठवत नाही.”

आठव्या दिवशी तीनशे सहासष्ट सह्या झाल्या होत्या. सेहेचाळीस राहिल्या. काहीजण गाव सोडून गेले होते, काही वारले होते. आणि एकतीस जण नॅशनल गार्डच्या, म्हणजे राखीव सैनिकांच्या, आमच्या गावच्या तुकडीतले. एकदा सुटून आले, दाखला नोंदवला, आणि तुकडीला पुन्हा बोलावणं आलं म्हणून फेब्रुवारीत परत गेले. वाळवंटात कुठेतरी. त्यांची सही दोन दिवसांत कशी आणायची?

म्हणजे बघा, जे घरी सुखरूप बसले होते त्यांची कार्डं झाकली गेली. ज्यांच्या बायका फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवतात, तेवढीच नेमकी उघडी राहिली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच दुपारी मारिसेला ओचोआ आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, डोक्यावरची जाळी तशीच होती. नवरा रूबेन त्या एकतीस जणांपैकी.

“मिसेस टकेट, खरं का हे? माझ्या मुलांची नावं कुणा परक्याला देणार तुम्ही?”

“मी प्रयत्न करतेय, मारिसेला. रूबेनची सही—”

“रूबेनशी बोलणं पंधरा दिवसांतून एकदा होतं! तेही चार मिनिटं. त्यात मी त्याला हे सांगू?” तिचा आवाज चढला. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “मला भरायचं नव्हतं ते कार्ड. आठवतं तुम्हाला? मी म्हटलं होतं, मुलांची नावं कशाला. तुम्ही म्हणालात, इथल्याइतकी सुरक्षित जागा नाही. तुम्ही म्हणालात म्हणून लिहिलं मी.”

तिची मान आणि कान लालबुंद झाले.

“उद्या कुणी फोन करून मला म्हणालं की रूबेन गेला, तर ते खरं की खोटं, मी कसं ओळखायचं? सांगा ना!”

ती गेल्यावर मी पाणी आणून दिलं. अर्लीनने घेतलं नाही.

“माझं ऐक,” मी हळूच म्हणाले. “एकतीसच आहेत. नख लावलं की निघतात. मी आतून दार लावून घेते.”

“नोरीन, सरकारी पुस्तकातला कागद फाडणं गुन्हा आहे.”

“मला कायदा शिकवू नकोस!”

“आणि फाडला तर पेल म्हणेल, बघा, सरकारी होता म्हणूनच फाडला. मग बाकीच्या सह्यांवरही बोट ठेवेल.” ती एकदम थांबली. भिंतीकडे बघत राहिली. तिथे तिची लाकडी पाटी लटकत होती. “सरकारी होता म्हणून,” ती पुन्हा म्हणाली आणि उठून तडक गॅरेटसाहेबांच्या खोलीकडे चालू लागली. मी मागे.

“साहेब, ही कार्डं कुठल्या कायद्याने ठेवलीत?” तिने दारातूनच विचारलं.

“म्हणजे?”

“कुठल्याच नाही. कुठल्याही ठरावात नाहीत, कुठल्याही नमुन्यात नाहीत. मी माझ्या मनाने छापली. काउंटीच्या पुस्तकात मी खासगी कागद चिकटवले. मग ते काउंटीचे कसे झाले?”

गॅरेटसाहेबांनी पेन खाली ठेवलं. उठून दार लावलं.

“अर्लीन, तुम्ही काय बोलताय कळतंय का? हे शपथेवर सांगावं लागेल, न्यायाधीशांसमोर. अधिकार नसताना एकोणीस वर्षं नोंदपुस्तकांत ढवळाढवळ केली, असा त्याचा अर्थ होतो. डेलबर्टला तुम्हाला ठेवता येणार नाही. कुणालाच येणार नाही. निवृत्तीला किती राहिले तुमचे?”

“पाच महिने.”

“मग?”

“मग काय? लिहून घ्या.”

दहाव्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर सुनावणी झाली. जज्जबाई स्टॅनफिल. कोर्टात फार माणसं नव्हती. पेल पुढे बसला होता, डेलबर्टसाहेब मागे टाय ओढत, आणि शेवटच्या बाकावर मारिसेला, डोक्याला जाळी नव्हती या वेळी. मी अर्लीनच्या मागच्याच बाकावर बसले होते. तिने निळा ड्रेस घातला होता, सत्काराच्या दिवशीचा. मुद्दाम का, मला विचारायला जमलं नाही.

पेल उठला. आवाज तसाच लोण्याचा. “मॅडम, या कार्डांसाठी काउंटीने यांचा सत्कार केला. पाटी दिली. मग हे काउंटीचं काम नव्हतं, असं आज कसं म्हणता येईल?”

जज्जबाईंनी चष्म्यावरून बघितलं. “मिसेस टकेट?”

“पाटी देणाऱ्यांना नियम माहीत नव्हता,” अर्लीन म्हणाली. “मला माहीत होता. मला माहीत असायलाच हवा, माझं कामच ते आहे.”

“कुणाची परवानगी घेतली होती?”

“कुणालाच विचारलं नाही.”

डेलबर्टसाहेबांचा हात टायवरच थांबला. विचारलं नव्हतं हे खरं. पण एकोणीस वर्षं रोज तिच्या टेबलावरून जाताना त्यांनी ती कार्डं पाहिली होती, हेही खरं.

“म्हणजे तुम्ही एकोणीस वर्षं चूक केली, असं तुम्ही शपथेवर सांगताय.”

“हो.”

तो ‘हो’ म्हणताना तिचा आवाज इतका साधा होता! आयुष्यात तिने मिरवावं असं एकच काम केलं होतं. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला. ती कार्डं हेच तिचं सगळं.

“हे काम तुम्ही एकटीने केलं?” जज्जबाईंनी विचारलं. “कार्यालयातल्या दुसऱ्या कुणाचा हात?”

माझे हात मांडीवर होते. मी त्यांच्याकडे बघितलं. आता उठते, असं मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं. घरी नवऱ्याची नुकतीच बायपास झालेली, विमा माझ्या नोकरीवर, हे सगळं त्याच क्षणी डोक्यात आलं. तोवर अर्लीनने उत्तर देऊन टाकलं.

“कुणी नाही. मी एकटीने.”

तिने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी बसूनच राहिले.

“या माहितीची दुसरी प्रत तुमच्याकडे आहे?”

“कागदावर? नाही.”

जज्जबाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घालून लिहायला घेतलं. कार्डं सरकारी दस्तऐवज नाहीत. पुस्तकांतून काढून ज्याची त्याच्या घरी पोचवावीत. प्रती ठेवू नयेत. पेलने आपली बॅग उचलली, “ठीक आहे,” म्हणाला आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्याने गेला. मारिसेलाने बाहेर अर्लीनचे दोन्ही हात धरले ते सोडेना. अर्लीनच तिला म्हणाली, “जा, शाळेचं जेवण करपेल.”

कार्डं काढायला आम्हाला तीन दिवस लागले. केटली उकळत ठेवायची, वाफ धरायची, गोंद सैल झाला की कोपऱ्यातून अलगद उचलायचं. पहिल्या दिवशी आम्ही जेमतेम चार शब्द बोललो असू. दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, “अर्लीन, कोर्टात मी...”

“वाफ सरळ धर. कागद ओला होतोय.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली. आमच्याकडे कुणी निवृत्त झालं की केक असतो, भाषणं असतात, डेलबर्टसाहेब तेच तीन विनोद सांगतात. तिच्या वेळी काही झालं नाही. राजीनाम्याचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, भिंतीवरची पाटी काढून त्यावर ठेवली, आणि आपल्या टेबलावरची झाडाची कुंडी काखोटीला मारून निघाली. साहेब खोलीतून बाहेर आले नाहीत. खिडकीतून मी बघितलं, तिने कुंडी गाडीत ठेवून तिला पट्टा लावला. मग गाडी बराच वेळ हललीच नाही.

तिच्या टेबलावर आता मी बसते. कुणीतरी बसायला हवंच होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी बर्टचा फोन आला, अंत्यविधीवाला बर्ट. “नोरीन, लॉइड हॅस्केट गेला गं रात्री. ट्रकवाला लॉइड. गुरुवारी पुरायचा आहे, छावणीतून माणसं येतील. झेंडा द्यायचा कुणाच्या हातात? घरात नुसती मांजर आहे.”

“थांब, बघते,” मी म्हणाले आणि सवयीने नोंदींच्या खोलीत गेले. पुस्तक सहा, पान दोनशे बारा. दाखला होता. मागे वाळलेल्या गोंदाचा चौकोन होता, तपकिरी, कडा खरखरीत. तो मीच लावलेला गोंद.

मी फोनकडे गेले. परत पुस्तकाकडे आले. पुन्हा फोनकडे. सहा महिने तिच्याशी बोलले नव्हते, कुठल्या तोंडाने बोलणार! शेवटी केला.

पहिल्याच रिंगला उचलला. “बोल, नोरीन.”

“लॉइड हॅस्केट गेला.”

“अरेरे.” “बहीण आहे त्याची. आयडा. सतरा वर्षं बोलत नव्हते, पण कार्डावर तिचंच नाव लिहिलं होतं त्याने. घे, नंबर सांगते.” आणि तिने सांगितला, एका दमात, न अडखळता. “दुपारी फोन करू नकोस, रात्रपाळी असते तिची, झोपलेली असते. आत्ता कर. आणि आधी खाली बस म्हणावं तिला. कशावर लिहिलंस?”

“हातावर.”

“बरं केलंस. बोलून झालं की धुऊन टाक.”

“अर्लीन,” मी म्हणाले. “तेव्हा मी उठायला हवं होतं.”

पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला रेडिओ चालू होता, गव्हाचा भाव सांगत होता. तिने तो बंद केला.

“आयडाला फोन कर आधी,” ती म्हणाली. “ती सहाला कामावरून आलीय. अजून जागी असेल.”

मी केला. आयडाला खाली बसायला सांगितलं, मग बाकीचं सांगितलं. ती म्हणाली, “माझं नाव दिलं होतं त्याने? नक्की माझंच?”

“तुमचंच,” मी म्हणाले.

फोन ठेवून मी मागच्या बेसिनपाशी गेले आणि साबण लावून हात धुतला. शाई लवकर जाईना. पाणी गरम होईपर्यंत थांबले आणि पुन्हा घासला.